डावं पेडल

६ जानेवारी

तेल काढलं. पुन्हा काळं. वास घेतला, बोटांवर चोळून पाहिलं, मग परत चोळून पाहिलं, जणू जास्त चोळल्याने ते लाल होणार होतं. पॅनच्या तळाशी प्लेटांवरच्या अस्तराची पूड बसली आहे, चहाच्या गाळासारखी. गेल्याच आठवड्यात नव्या प्लेटा घालून मी हा गिअरबॉक्स बंद केला होता.

दाजी इंजिनावर वाकलेले होते. तिथूनच म्हणाले, "काय मास्तर, नाडी लागतेय का?"

"प्लेटा जळल्यात."

"मग काय, दोन मिनिटं शांत उभं राहायचं का?"

मी हसलो नाही. दाजी म्हणजे ताईचे यजमान. इंजिन त्यांचं, गाडी चालवणार ताई आणि दोघांच्या मधला गिअरबॉक्स माझा. कॉलेजातली नोकरी सोडून मी या शेडमध्ये आलो, पण मास्तर हे नाव काही सुटलं नाही.

१० जानेवारी

आज सगळं पहिल्यापासून कागदावर मांडलं, मंद विद्यार्थ्याला समजावतात तसं. विद्यार्थी मीच.

आमची गाडी सरळ धावते, पाव मैल, आणि तेवढ्यात तिचं काम संपतं. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे. साध्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलाने भरलेला कन्व्हर्टर असतो. गाडी सुटताना तो ताकद खातो, म्हणून मी तो काढून त्याच्या जागी क्लच बसवला. कल्पना माझी. दाजी नको म्हणत होते, ताई हो म्हणाली. म्हणजे गाडी सुटताना डाव्या पायाने क्लच सोडायचा, आणि पुढचे गिअर नुसते दांड्याने टाकायचे. अख्ख्या धावेत डाव्या पायाला तेवढं एकच काम.

क्लच दाबलेला असताना गिअरबॉक्स थांबलेला असतो, म्हणून त्याच्या पोटातला तेलाचा पंपही थांबलेला असतो. क्लच सुटला की पंप फिरतो, तेलाला दाब येतो, आणि त्या दाबाने आतल्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात. हे पापणी लवायच्या आत व्हायला हवं. दाब उशिरा आला तर प्लेटा धरण्याऐवजी घासतात. आमच्या घासतात. म्हणजे दाब उशिरा येतोय. म्हणजे पंप खराब. किंवा सील. किंवा मी.

बाहेरच्या क्लचची तबकडीसुद्धा निळी पडली आहे. तिचा पंपाशी संबंध नाही. हे कोडं सध्या बाजूला ठेवतो.

१३ जानेवारी

पंप उघडला. एकही ओरखडा नाही. तरी बदलला.

१७ जानेवारी

धावपट्टीवरून निरोप आला: मार्चमधली स्पर्धा तिथली शेवटची. पूर्वी तिथे विमानं उतरत, आता गोदामं होणार. ताई फोन ठेवून बराच वेळ गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी होती. मग म्हणाली, "बाळ्या, एक स्वच्छ धाव दे मला. जिंकायचं नंतर बघू."

चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारी आता ती एकटीच उरली आहे.

स्वच्छ धाव. जगातली दुसरी कुठलीही गोष्ट तिने मागितली असती तर मी हो म्हणालो असतो.

२१ जानेवारी

आज लिहायलाच हवं, कारण भीतीचं नाव लिहिल्यावर ती आटोक्यात येते असा माझा समज आहे.

भीती जळक्या प्लेटांची नाही, त्या ज्यात बसतात त्या ड्रमची आहे. या जातीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरच्या मागे एक एकतर्फी अडसर असतो, एकाच दिशेने फिरू देणारा. सुटण्याआधी टायर तापवायला चाकं जागच्या जागी फिरवतात. त्या वेळी गाडी पहिल्या गिअरमध्ये असली आणि इंजिनाशी जोडलेली असतानाच चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटर सोडला-धरला, तर तो अडसर फुटू शकतो. मग ड्रम त्याने कधी फिरू नये इतक्या वेगाने फिरतो आणि बॉम्बसारखा फुटतो. ड्रम आहे ताईच्या पायांच्या शेजारी. मध्ये मी बसवलेलं पोलादी कवच, बस.

म्हणून आमचा नियम: टायर तापवायचे दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण दाबायचा, आणि मगच पहिला टाकायचा. ताईने हा नियम कधी मोडलेला नाही. पण नियम पाळणारीच्या पायाखाली मी काय ठेवलंय, हे मला माहीत नाही. कागदावरचं उत्तर बरोबर, आणि प्रयोगात रोज नापास.

२६ जानेवारी

ताईने सराव केला. उतरल्यावर म्हणाली, "पेडल लोण्यासारखं लागतंय. जड कर."

"मागेच केलं की जड."

"अजून कर."

मी स्वतः बसून दाबून पाहिलं. माझी मांडी थरथरली. यापेक्षा जड म्हणजे दगड. तरी स्प्रिंग बदलली. माझ्या गिअरबॉक्समधली ढिलाई ती बिचारी पेडलमध्ये शोधते आहे.

दाजी म्हणाले, "द्या हवं ते. तिला काय लागतं ते तिला कळतं." म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी बदललेल्या पंपाचा त्यांना राग असावा.

१ फेब्रुवारी

रविवार. ताई आणि दाजी आमच्याकडे जेवायला. फाटकापासून दारापर्यंत आमच्याकडे खडी आहे. ताई आत आली ती एका पायात चप्पल घालून.

ही म्हणाली, "वन्सं, दुसरी कुणाला दिलीत?" ही, म्हणजे माझी बायको, थट्टेच्या सुरात असली की तिला वन्सं म्हणते.

ताईने खाली पाहिलं. क्षणभर तिलाही कळेना. मग हसली. "तुझ्या नवऱ्याने डोकं खाल्लंय माझं, चप्पल कुठली लक्षात राहतेय." चप्पल फाटकापाशी पडली होती. दाजी गेले आणि घेऊन आले. आल्यावर त्यांनी तिचा तळवा उचलून पाहिला, एक खडा काढला आणि खिशात टाकला. खडा कशाला खिशात, असं विचारणार होतो, पण मला तेव्हा सीलच्या मापाचं सुचलं.

ती दोघं गेल्यावर ही भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुझ्या बहिणीचं काहीतरी बिनसलंय."

"गिअरबॉक्समुळे. ती दाखवत नाही इतकंच."

"गिअरबॉक्समुळे माणूस खडीवर अनवाणी चालतो?"

"लक्ष नसलं की चालतो."

तिने ताट जरा जोरात ठेवलं. "सगळं तुझ्याच हातून बिघडतं, याचा तुला कसला रे एवढा अभिमान?"

मी यावर खूप विचार केला. अभिमान नाही. जबाबदारी आणि अभिमान यांत ती गल्लत करते आहे.

५ फेब्रुवारी

आज ठरवून एक प्रयोग केला. ताईऐवजी मी स्वतः बसलो. शेडच्या मागच्या सरळ रस्त्यावर गाडी पुन्हा पुन्हा सोडली. धाव पूर्ण करायची नव्हती, नुसतं सुटायचं होतं. हिशेबाप्रमाणे सगळं केलं. मग गिअरबॉक्स खाली उतरवला.

प्लेटा स्वच्छ. तेल लाल. बाहेरच्या क्लचच्या तबकडीवर एक डाग नाही.

थोडा वेळ आनंद झाला. मग लक्षात आलं: मी भित्रा आहे. ताई देते तितकं इंजिन मी दिलंच नाही. प्रयोग करणारा कच्चा असला की निकालाला अर्थ नसतो, हे मी स्वतः मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे. रद्द.

दाजींना सांगितलं तर ते हातातला पाना पुसत राहिले. "तुमच्या पायाने जळलं नाही म्हणता?"

"मी हळू चालवली म्हणून."

"हं," म्हणाले. नंतर किती तरी वेळ तोच पाना पुसत होते.

११ फेब्रुवारी

सील बदलले, झडपांचा ठोकळा उघडून धुतला. प्रत्येक वाटेतून हवा सोडून ऐकलं. प्लेटा बसल्या की 'थुप्' असा आवाज येतो. प्रत्येक वेळी आला. निरोगी माणसाची छाती तपासत असल्यासारखं वाटलं. ताईने धावा केल्या. उघडलं. काळं.

जेवण जात नाही. हात कितीही धुतले तरी भाताला जळक्या तेलाचा वास येतो. ही लिंबू पुढे सरकवते.

१५ फेब्रुवारी

शेडमध्ये लवकर गेलो तर दाजी उकिडवे बसले होते आणि ताईचा डावा पाय त्यांच्या मांडीवर होता. बोटांच्या बेचक्या टॉवेलने एकेक करून कोरड्या करत होते. मग विजेरी लावून तळवा पाहिला, आम्ही तडा शोधायला ड्रम पाहतो तसा. मला पाहून ताईने पाय ओढून घेतला.

"नवरा बघ कसा सेवा करतो. शीक काहीतरी," म्हणाली.

तिला रक्तात साखर निघाली तेव्हापासून दाजी तिचं फार करतात. मला भरून आलं, आणि लगेच लाजही वाटली. एवढं प्रेमाचं माणूस मी न उमगलेल्या यंत्रावर बसवून पाठवतो आहे.

१९ फेब्रुवारी

आज मन दुखावलं. इथे लिहिण्यावाचून कुणाला सांगू?

ताई म्हणाली, "डॅशवर एक दिवा लाव. पेडल पूर्ण दाबलं गेलं की लागेल असा."

"कशाला? पाय सांगतो की."

"पाय सांगतो ते सांगू दे. तू दिवा लाव."

"माझ्या पेडलच्या बैठकीवर विश्वास नाही का तुझा?"

तिने दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "मास्तर, दिवाच मागतेय, चंद्र नाही." दोघांनी आधी बोलून ठेवलं होतं हे उघड आहे. म्हणजे माझ्यामागे माझ्या कामाबद्दल बोलणं होतं.

दिवा लावला. डॅशवर एक रिकामं भोक होतं, त्यात बसवून टाकला. शेडमध्ये लागतो, विझतो. अशा लहरीवर अजून वेळ घालवणं मला परवडणारं नाही.

२७ फेब्रुवारी

शेवटचं उघडून बंद केलं. नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजवल्या होत्या. फटी मोजल्या, ड्रमभोवतीचा पट्टा आवळून ठरल्याइतका सैल केला, सगळ्या सीलना व्हॅसलीनचं बोट लावलं. जे माहीत आहे ते सगळं केलं. जे बिघडलंय ते माहीत नाही. ही माझी दोन वाक्यांतली परिस्थिती.

हिला म्हणालो, "मी गाडी स्पर्धेतून मागे घ्यायला सांगणार आहे."

"ताईंना काय हवंय, विचारलंस?"

"तिला स्वच्छ धाव हवीय."

"तेवढंच?"

मला प्रश्न कळला नाही.

७ मार्च

स्पर्धेचा दिवस. सकाळच्या पहिल्या धावेनंतर लगेच तेलाचा थेंब काढून पाहिला. तपकिरी. जळायला सुरुवात झालेली. मी उठून तडक तपासनिसाच्या टेबलाकडे निघालो. गाडी अयोग्य आहे, माझ्या कामामुळे अयोग्य आहे, असं सांगायला. ताई मागून आली. थोडी फेंगडत चालत होती. नवीन बूट असावेत.

"कुठे निघालास?"

"तुझं नाव काढायला. गिअरबॉक्सचा भरवसा नाही मला."

"बाळ्या, तुझ्या गिअरबॉक्सला काहीही झालेलं नाही."

"तू समजूत घालू नकोस."

"समजूत नाही घालत. मला माहीत आहे." ती आणखी काहीतरी बोलणार होती. मग माझ्या कॉलरला लागलेला तेलाचा डाग पुसायला लागली, तो आणखी पसरवला आणि म्हणाली, "ही एक धाव. मग तू म्हणशील ते."

मी परत फिरलो. तिच्या दयेपुढे मी नेहमीच हरतो.

दुपारचं ऊन समोरून होतं. तिने टायर तापवले, धूर झाला. मी बाजूला उभा राहून इंजिनाच्या आवाजावर कान लावून होतो. तिने क्लच दाबला की इंजिन मोकळं होऊन आवाज सुटा होतो, मग पहिला गिअर. या वेळी पहिला गिअर पडल्याचं ऐकलं, पण आवाज सुटा झालाच नव्हता. मी हात वर केला. तिने ॲक्सिलरेटर सोडला. मग दार आपटल्यासारखा आवाज आला, दार मात्र घराएवढं.

कवच टिकलं. हे आधी लिहायला हवं होतं. कवच टिकलं, पण खालची शिवण उकलली आणि उकळतं तेल आत आलं. ताई आपणहून बाहेर पडली. अँब्युलन्सपर्यंत स्वतः चालत गेली. हेल्मेट काढून म्हणाली, "मी ठीक आहे. कुणी ओरडू नका." तिच्या डाव्या बुटातून वाफ येत होती.

बूट कापून काढला तेव्हा तिथल्या माणसाने तोंड फिरवलं. ताई मात्र दाजींकडे पाण्याची बाटली मागत होती. अशी हिंमत मी आयुष्यात पाहिली नाही. आणि हे तिच्यावर मी आणलं.

८ मार्च

काल संध्याकाळी गाडी शेडमध्ये आणून टाकली. डॅशवरचा तो दिवा मी आज प्रथमच उन्हात पाहिला. शेडचं दार उघडं होतं, ऊन समोरून येत होतं. पेडल दाबलं. दिवा लागला की नाही ते कळेना. हाताने सावली केली तेव्हा दिसलं, लागला होता. कालच्या उन्हात तिलाही कळलं नसणार.

प्रत्येक सील मी अनेकदा तपासला. हा दिवा एकदाही बाहेर आणून पाहिला नाही, कारण तो माझ्या मते लहर होती.

पण मग तिला दिवा का बघावा लागत होता?

९ मार्च

दवाखान्यात. ताईचा डावा पाय घोट्यापर्यंत गुंडाळलेला, फक्त अंगठा आणि टाच उघडी. मी पडद्यापाशी उभा होतो. डॉक्टर बाई तरुण आहेत, हळू बोलतात. त्यांनी ताईला डोळे मिटायला सांगितले.

"टोचलं की सांगा."

"टोचलं," ताई म्हणाली.

"आता?"

"हो. टोचतंय."

"आता?"

"थोडं कमी. पण टोचतंय."

डॉक्टर बाईंच्या हातात काहीच नव्हतं. सुई ट्रेमध्ये होती. त्या पलंगापासून हातभर लांब, हात पाठीमागे घेऊन उभ्या होत्या आणि विचारत होत्या. ताई कपाळाला आठ्या घालून, अगदी लक्ष देऊन उत्तरं देत होती, परीक्षेत न आलेला प्रश्न सोडवणाऱ्या मुलीसारखी.

मी बाहेर आलो. दाजी बाकावर बसले होते. मी विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "गेल्या पावसाळ्यापासून बोटं. मग तळवा. आता घोट्याच्या खाली काही नाही. पेडलवर पाय आहे की शेजारी, तेही डोळ्यांनी बघावं लागतं तिला."

"आणि तुम्ही मला एका शब्दाने..."

"तिने शपथ घातली होती." मग म्हणाले, "आणि मास्तर, खरं सांगू? तुम्ही पंप म्हणत होतात. सील म्हणत होतात. इतक्या खात्रीने स्वतःला शिव्या देत होतात की आम्हाला बरं वाटायचं. म्हटलं, असेलही पंप. शिकलेला माणूस म्हणतोय."

मला रागही आणता आला नाही. पाय हळू सुटला की क्लच घासणार, तबकडी निळी पडणार. क्लच घासला की पंप हळू फिरणार, दाब उशिरा येणार, आतल्या प्लेटा जळणार. मी सुटलो तेव्हा काहीच जळलं नव्हतं. उत्तर माझ्यासमोर कधीचं पूर्ण लिहिलेलं होतं. फक्त त्यात माझा दोष नव्हता, म्हणून मला ते उत्तर वाटलं नाही.

१४ मार्च

दोन बोटं काढली. डॉक्टर बाई म्हणतात उरलेला पाय वाचेल, जपला तर.

आज ताई उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण डोळे गाडीत बसताना असतात तसे. ही डबा घेऊन आली होती, ती खिडकीपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

ताई म्हणाली, "दुसरीकडे एक धावपट्टी आहे. लांब आहे, पण आहे. क्लच हातावर घे. दांड्याला जोडून टाक. हात चांगला आहे माझा."

मी ऐकत असतानाच डोक्यात जुळणी झालीसुद्धा. कुठे पत्रा लागेल, केबल कुठून जाईल, कुठला स्क्रू. एका दुपारचं काम आहे. आणि ते उत्तम चालेल. प्लेटा स्वच्छ निघतील.

"नाही," म्हणालो.

"का? येत नाही?"

"येतं."

"मग?"

"ब्रेकही पायानेच लागतो ताई. आज डावा, उद्या उजवा. मी पुन्हा तुझ्या पायांशेजारी तो ड्रम बसवणार नाही."

"उजवा चांगला आहे."

"डोळे मिट," म्हणालो. कसं म्हणालो मला माहीत नाही. ट्रेमध्ये सुई होती, ती उचलली.

तिने डोळे मिटले नाहीत. हातातल्या सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उजवा पाय तिने हळूच चादरीखाली ओढून घेतला.

खिडकीपाशी हिने डब्याचं झाकण उघडलं होतं, ते तसंच हातात धरून ती उभी राहिली. मी सुई परत ठेवली.

ताई भिंतीकडे वळली. मला वाटलं झोपली. निघालो तेव्हा भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलली, न चिडता, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखी.

"दिवसभर माझ्या पायाखाली झोपून असायचास तू. मग बघत काय होतास, बाळ्या?"

मी दारात थांबलो. ही माझी वाट पाहत होती, पण तिने हाक मारली नाही. मी परत आत गेलो, पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची ओढली आणि चादर बाजूला करून तिचा उजवा तळवा दोन्ही हातांत घेतला. गार होता. मी अंगठ्याखाली दाबलं आणि विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.